गंगाळ, रुमाल आणि न उठलेले बारा जण

प्रकरण एका रात्रीचे आहे. यरुशलेमेतली माडीवरची मोठी खोली, जेवायला बसलेले तेरा जण, येशू आणि त्याचे बारा शिष्य, आणि एक राहून गेलेले काम. काम किरकोळच: बाहेरून आलेल्यांचे पाय धुणे. पाणी आहे, गंगाळ आहे, पुसायला रुमाल आहे. बायबलच्या नव्या करारातल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, तेराव्या अध्यायात या तिन्ही वस्तू येतात, पण त्या आणायला कोणी खाली गेल्याचा उल्लेख नाही. खोलीतच असणार, सगळ्यांना दिसतही असणार. तरी जेवण सुरू झाले.

येशूच्या मागे चालणे म्हणजे नम्रता आणि सेवा, हे वाक्य उपदेशांतून इतके वापरले गेले आहे की त्याची धार गेली. म्हणून ते बाजूला ठेवतो आणि हे एकच प्रकरण उलगडून पाहतो. काम कोणाच्या वाट्याचे होते, ते कोणी केले, कोणी अडवले, आणि पुढच्या लोकांनी त्या कृतीचे काय काय केले. यात सगळ्यांत अवघड जागा कोणती, याबद्दल माझे मत नेहमीच्या उपदेशांहून थोडे वेगळे आहे. ते ओघात येईल.

शिळा वाद

त्या रात्री शिष्यांमध्ये एक वाद झाला, तो दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो (२२:२४): आपल्यात मोठा कोण? योहान हा वाद सांगत नाही आणि लूक पाय धुतल्याचे सांगत नाही. दोघांना शेजारी ठेवून वाचणे ही वाचकाने केलेली जोडणी आहे. मीही तीच करतो आहे, हे आधीच सांगितलेले बरे. (योहानाच्या मते हे भोजन वल्हांडण या यहुदी सणाच्या आधीचे, मत्तय, मार्क आणि लूक या बाकी तिघा शुभवर्तमानकारांच्या मते वल्हांडणाचेच. तो गुंता इथे सोडवायला बसलो तर पाय तसेच राहतील.) पण जोडणी चपखल बसते. लूकाच्या वृत्तान्तात येशू विचारतो, मोठा कोण, जेवायला बसलेला की वाढणारा? बसलेलाच ना? मी तर तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे. लूकाकडे वाक्य आहे, योहानाकडे त्या वाक्याची कृती.

वाद शिळाच होता. कफर्णहूमच्या वाटेवर तो एकदा होऊन गेला होता. घरी पोचल्यावर येशूने विचारले तेव्हा सगळे गप्प बसले (मार्क ९:३४). पुढे यरुशलेमेकडे येताना याकोब आणि योहान या जब्दीच्या मुलांनी सरळ मागणीच केली: आपल्या वैभवात आमच्यातल्या एकाला उजवीकडे बसवा, एकाला डावीकडे. मत्तय सांगतो की ही मागणी त्यांच्या आईने केली. बाकीचे दहा जण चिडले. का चिडले ते लिहिलेले नाही. पण त्यानंतर येशूने जे सांगितले ते सगळ्यांना जवळ बोलावून सांगितले, त्या दोघांना बाजूला घेऊन नव्हे. त्यावरून दहा जणांचा राग तत्त्वाचा होता असे मला वाटत नाही. जागा दोनच होत्या आणि त्या दुसऱ्या कोणीतरी आधी मागून टाकल्या होत्या.

त्या वेळी मिळालेले उत्तर स्पष्ट होते. परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला पहिला व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे (मार्क १०:४२-४५). म्हणजे माडीवर बसलेल्या बाराही जणांना सिद्धान्त पाठ होता. कोणी परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पाय मात्र धुळीचे होते.

काम कोणाचे होते

धुळीचे रस्ते आणि उघड्या वहाणा, त्यामुळे पाय धुणे हा उपचार नव्हता, गरज होती. अब्राहामाने दारात आलेल्या पाहुण्यांना पाणी देऊ केले ते त्यांनी आपापले पाय धुवावेत म्हणून (उत्पत्ती १८:४). दुसऱ्याचे पाय धुणे हे चाकराचे काम. पुढे इस्राएलचा राजा झालेल्या दाविदाने लग्नासाठी निरोप पाठवला तेव्हा अबीगईल म्हणाली, मी माझ्या स्वामींच्या सेवकांचे पाय धुणारी दासी आहे. याहून खालचे काम तिला सुचले नसावे. निर्गमाच्या पुस्तकावरच्या मखिल्ता या जुन्या यहुदी भाष्यात तर इब्री दासाला धन्याचे पाय धुवायला लावू नये, असेच आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात एका रब्बीचे, म्हणजे धर्मगुरूचे, मत नोंदले आहे: दास धन्यासाठी जी जी कामे करतो ती सगळी शिष्याने गुरूसाठी करावीत, वहाणेचा बंद सोडण्याचे तेवढे वगळून. हे ग्रंथ त्या रात्रीनंतर बऱ्याच काळाने लिहून झाले, पण कामांची ही उतरंड त्यांच्याही आधीची दिसते. बाप्तिस्मा करणारा योहान 'त्याच्या वहाणेचा बंद सोडायचीही माझी योग्यता नाही' म्हणाला, त्याला अर्थ येतो तो या उतरंडीमुळेच.

आता हा हिशेब त्या खोलीला लावून पाहा. गुरूचे पाय धुवायला बाराही जण एका पायावर तयार झाले असते, त्यात कमीपणा नव्हता. अडचण उरलेल्या अकरा जोड्यांची होती. गंगाळ घेऊन खाली बसलेला माणूस एकाचे पाय धुऊन थांबू शकत नाही. आणि बरोबरीच्यांचे पाय धुतले, की 'मोठा कोण' या वादात आपण आपल्याच हाताने शेवटचा नंबर लावून घेतला. म्हणून कोणी उठले नाही. हा माझा तर्क, पण अशी टाळाटाळ मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, आणि स्वतःही केली आहे, की तो फार लांबचा वाटत नाही.

आणखी एक बारकावा. वल्हांडणाच्या तयारीला कोणाला पाठवले होते, याची नावे लूक देतो: पेत्र आणि योहान हे दोन शिष्य. त्यांना खूण सांगितली होती की शहरात शिरल्यावर पाण्याचे भांडे घेऊन जाणारा माणूस भेटेल, त्याच्या मागोमाग जा. म्हणजे हे दोघे त्या घरी पोचले तेच पाण्याच्या मागे चालत. जागा, बैठक, जेवण, सगळे त्यांनी पाहिले. पाय कोण धुणार, एवढेच राहिले. त्यांना ते सुचले नाही की दोघांनीही ते दुसऱ्यावर सोडले, हे कळायला मार्ग नाही. दोघांवर मिळून सोपवलेल्या कामाचे असे बऱ्याचदा होते.

बसायची पद्धतही लक्षात घेतली पाहिजे. मेजवानीत डाव्या कोपरावर रेलून जेवत आणि पाय मागच्या बाजूला सोडत. म्हणून तर परूशी या कर्मठ यहुदी पंथातल्या शिमोनाच्या घरी एक रडणारी स्त्री येशूच्या मागे, पायांशी उभी राहू शकली (लूक ७:३८). त्याच घरी येशूने यजमानाला ऐकवले होते: मी तुझ्या घरी आलो, तू मला पायांसाठी पाणी दिले नाहीस. पायांना पाणी मिळाले की नाही, हे त्याच्या लक्षात राहत असे. माडीवरच्या रात्रीच्या थोडेच दिवस आधी, वल्हांडणाला सहा दिवस असताना, बेथानीत मरीयेने मोलवान जटामांसीचे तेल त्याच्या पायांना लावून ते आपल्या केसांनी पुसले होते. खोलीत बसलेल्या तेरा जणांपैकी ज्याच्या पायांना त्या आठवड्यात कोणाचा तरी हात लागल्याची नोंद आहे असा हा एकच, आणि उठला तोच.

उठल्यावर

योहान इथे क्रियापदे नुसती ओळीने मांडतो. भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रे काढून ठेवली, रुमाल घेतला, कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतले, पाय धुऊ लागला, पुसू लागला. मध्ये एकही संवाद नाही. एरवी मोठ्या माणसाने असे काही हाती घेतले की पाणी एक जण ओततो आणि रुमाल दुसरा धरून उभा राहतो. इथे सगळी कामे एकाच्याच हातची. वस्त्रे 'काढून ठेवणे' आणि नंतर ती परत 'घेणे' यांसाठी योहानाने वापरलेली ग्रीक क्रियापदे, दहाव्या अध्यायात मेंढपाळ आपला प्राण देतो आणि परत घेतो तिथे वापरलेलीच आहेत. योहान शब्द निष्काळजीपणे वापरणारा लेखक नव्हे.

या सगळ्याआधी एक वाक्य आहे (१३:३), आणि माझ्या मते प्रकरणाची किल्ली तिथे आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो उठला. वाक्याची सुरुवात अशी की पुढे सिंहासन यावे, येतो रुमाल. ज्या हातांत सर्व काही दिले आहे, त्या हातांत पुढच्या क्षणी कोणाची तरी टाच असते.

नम्रतेबद्दलचा आपला एक जुना गैरसमज इथे सुटतो. स्वतःला कमी लेखले की माणूस नम्र होतो, असे आपण धरून चालतो. इथे उलटे आहे. आपण कोण हे ज्याला पक्के ठाऊक होते तोच वाकू शकला. ज्यांना आपल्या जागेची खात्री नव्हती ते ती जागा धरून बसले. नंतर पुन्हा बसल्यावर येशू म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता, कारण मी तसा आहे. 'छे, मी कोण' असला लटका विनय तो करत नाही. 'नम्र' या अर्थी नव्या करारात येणारा ग्रीक शब्द त्या काळच्या समाजात बहुधा हिणवायला वापरत. खालचा, क्षुद्र असा त्याचा रोख असे. तो शब्द गुण म्हणून वापरू लागलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर अशीच एखादी रात्र असणार.

पेत्र अडवतो

कोणाचे पाय आधी धुतले हे लिहिलेले नाही. पेत्रापर्यंत येईतो कोणी तोंड उघडल्याचेही लिहिलेले नाही. पेत्र म्हणतो, प्रभूजी, आपण माझे पाय धुता? मूळ ग्रीकमध्ये 'आपण' आणि 'माझे' हे दोन शब्द एकमेकांना चिकटून येतात. त्याचा सगळा धक्का त्या दोन शब्दांच्या मध्ये आहे. येशू म्हणतो, मी काय करतो ते तुला आता कळणार नाही, पुढे कळेल. पेत्र म्हणतो, माझे पाय आपण कधीच धुवायचे नाहीत.

हे ऐकायला भक्ती वाटते, आदर वाटतो. पण एक गोष्ट तपासून पाहू. पेत्राला खरोखर गुरूने खाली बसावे हे सहन होत नव्हते, तर त्याच्यापुढे एक सरळ मार्ग होता. तो म्हणू शकत होता: आपण बसा, द्या तो रुमाल इकडे, मी धुतो सगळ्यांचे. तो हे म्हणत नाही. त्याने स्वतःचे पाय मागे घेतले, हात पुढे केला नाही. योहान याबद्दल काहीच म्हणत नाही, पण पेत्राचे बोलणे वाचताना जे वाक्य तिथे नाही तेच मला मोठ्याने ऐकू येते.

येशूचे उत्तर कडक आहे. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. 'तर तुला नम्रता कळणार नाही' किंवा 'तर तुझे पाय मळके राहतील' असे तो म्हणत नाही. प्रश्न नात्याचाच होता. मग पेत्र दुसऱ्या टोकाला जातो: असे असेल तर नुसते पाय नकोत, हात आणि डोकेही धुवा. येशू तेही नाकारतो. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पायांखेरीज काही धुवायची गरज नाही. आधी काहीच नको, मग सगळेच हवे. दोन्ही वेळा माप पेत्राला स्वतःच्या हातात हवे होते. त्याला मिळाले ते जेवढे धुवायचे होते तेवढेच.

सुरुवातीला म्हटले ते मत हे. या प्रकरणात अवघड जागा गंगाळापाशी नाही, पाय पुढे करणाऱ्याच्या बाजूला आहे. सेवा करणाऱ्याकडे, तो जमिनीवर बसलेला असला तरी, एक वरचा हात राहतो. वेळ तो ठरवतो, काय द्यायचे ते तो ठरवतो, आणि शेवटी देणारा तो असतो. घेणाऱ्याला आपली मळकी, भेगाळलेली बाजू दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते आणि बदल्यात देण्यासारखे काही नसते. आयुष्यभर दुसऱ्यांची शुश्रूषा केलेली माणसे स्वतः अंथरुणाला खिळली की कोणाला हात लावू देत नाहीत, 'माझे मी बघतो' म्हणतात, आणि सगळे त्याला स्वावलंबन म्हणून वाखाणतात. त्या वाखाणण्यात पेत्राचे 'कधीच नाही' मिसळलेले असू शकते. ज्याने कधी पाय पुढे केले नाहीत त्याच्या सेवेत मेहेरबानीचा वास राहतो, आणि ती सेवा घेणाऱ्यांना तो वास सगळ्यांत आधी येतो.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याच्याबद्दल थोडक्यात. आपल्याला कोण धरून देणार हे येशूला ठाऊक होते, असे योहान स्पष्ट लिहितो. यहूदा बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे धुतलेल्या पायांनीच गेला. त्याचे पाय कसे धुतले याबद्दल वेगळी ओळ नाही, पण एक पुरावा आहे: थोड्या वेळाने येशू म्हणाला, तुमच्यातला एक जण मला धरून देईल, तेव्हा शिष्य एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले (१३:२२). तो कोण असेल याचा कोणाला अंदाज येईना. पाणी ओतताना हात जरा आखडला असता, रुमाल जरा घाईने फिरला असता, तर अंदाज आला असता.

कित्ता

वस्त्रे घालून परत बसल्यावर येशू विचारतो, मी तुम्हांला काय केले ते समजले का? आणि सांगतो की मी जसे केले तसे तुम्हीही करावे म्हणून मी हे घालून दिले आहे. काय घालून दिले? मराठी बायबलात इथे 'कित्ता' हा शब्द आहे, आणि या एका जागी आपल्या भाषांतराचा मला अभिमान वाटतो. आदर्श भिंतीवर टांगता येतो. कित्ता गिरवावा लागतो. वर शिक्षकाने वळणदार ओळ लिहिलेली असते आणि खाली मुलाची वाकडीतिकडी अक्षरे. पहिल्या दिवशी अक्षर चांगले यावे अशी अपेक्षा कोणाचीच नसते. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा समोर यावी एवढीच असते.

आणि काय गिरवायचे, हे नीट वाचले पाहिजे. मी तुमचे पाय धुतले, आता तुम्ही माझे धुवा, असा सरळ व्यवहार झाला असता. तो झाला नाही. 'तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत' (१३:१४). गुरूचे ऋण गुरूला फेडायचे नाही, शेजारी रेललेल्या माणसाकडे वळवायचे आहे. म्हणजे ज्या अकरा जोड्यांमुळे कोणी उठले नव्हते, नेमके तेच काम परत त्यांच्यापुढे आले.

इथे एका गैरवापराबद्दल बोलले पाहिजे. हा उतारा अनेकदा चुकीच्या टोकाला वाचून दाखवला जातो. जे आधीच सगळ्यांचे पाय धूत आहेत, घरातली राबणारी बाई, मंडळीत (चर्चमध्ये) खुर्च्या मांडणारा आणि झाडू मारणारा माणूस, हाताखालचा नोकर, त्यांनी अन्यायाविरुद्ध आवाज काढला की त्यांना सांगतात: येशूसारखे नम्र व्हा. पण त्या खोलीत हे वाक्य कोणाला उद्देशून होते? जे उजवीडावीकडच्या जागांसाठी भांडत होते त्यांना. कोणा दासाला बोलावून येशूने 'तू आणखी नम्र हो' म्हटलेले नाही. त्याने रुमाल घेतला तो खुंटीवरून किंवा बाकावरून, कोणाच्या कमरेचा सोडून घेतला नाही. आणि कोणी त्याच्यावर ते काम लादले नव्हते. तो आपणहून उठला. लादलेल्या वाकण्याला नम्रता म्हणणे सोयीचे असते, आणि ही सोय नेहमी वर बसलेल्यांची असते.

पुढे काय झाले

सुरुवातीच्या मंडळीत ही कृती रोजच्या कामात मुरली होती असे दिसते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१०), कोणत्या विधवेचे नाव यादीत घ्यावे याच्या कसोट्या दिल्या आहेत: मुले वाढवली का, परक्यांचा पाहुणचार केला का, पवित्र जनांचे (विश्वासणाऱ्यांचे) पाय धुतले का, संकटात सापडलेल्यांना मदत केली का. पाय धुणे इथे सोहळा नाही. पाहुणचार आणि मदत यांच्या मध्ये बसलेले एक काम आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या ३५ व्या प्रकरणात सगळ्या बंधूंनी पाळीपाळीने स्वयंपाकघरात राबावे असे आहे. आठवड्याची पाळी संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची आणि हातपाय पुसायचे टॉवेल धुऊन काढायचे. मग पाळी संपवणाऱ्याने आणि नव्याने सुरू करणाऱ्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि न फुटलेली परत करायची. मला यातले टॉवेल फार आवडतात. योहानाच्या वृत्तान्तात चोवीस मळके पाय पुसलेला तो रुमाल नंतर कोणी धुतला हे कळत नाही. बेनेडिक्टला तो प्रश्न पडला होता. पाय धुतल्याचे चित्र निघते, टॉवेल धुतल्याचे निघत नाही.

राजवाड्यात गेल्यावर याच कृतीचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. पुण्यगुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, गरिबांचे पाय धुण्याची रीत युरोपातल्या राजांनी उचलली. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७३ साली ग्रिनिचला, आपल्या वयाची जितकी वर्षे तितक्या, म्हणजे ३९ गरीब स्त्रियांचे पाय धुतले, त्याचे वर्णन उपलब्ध आहे. राणीची पाळी येण्याआधी धोबीखात्याच्या सेवकांनी ते पाय कोमट सुगंधी पाण्याने धुतले, मग दानधर्म खात्याच्या कनिष्ठ अधिकाऱ्याने धुतले, मग वरिष्ठाने, आणि शेवटी राणीने. चौथ्यांदा धुतलेल्या पायांवर काय उरले असेल? हसू येते खरे. पण राणीला हसून मोकळे होता येत नाही. आपणही सेवेला निघताना आधी कोणीतरी घाण काढून ठेवलेली असेल अशीच जागा बहुधा निवडतो.

काही मंडळ्यांनी मात्र एकमेकांचे पाय धुण्यातले 'एकमेकांचे' नीट धरून ठेवले. नेदरलँड्समधल्या डोर्ड्रेख्त इथे १६३२ साली झालेल्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या विश्वासअंगीकारात (श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात) पवित्र जनांचे पाय धुण्यावर स्वतंत्र कलम आहे, आणि अशा परंपरांत जो धुतो तोच पुढच्या क्षणी बाकावर बसून आपले पाय पुढे करतो. पेत्राची अडचण त्यांनी विधीतच बसवून टाकली. रोमन कॅथलिक परंपरेत १९५५ च्या सुधारणेनंतर हा विधी पुण्यगुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सामध्ये (उपासनेत) आला, पण पाय धुवून घेणारे निवडक पुरुषच असावेत असा नियम होता. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या काझाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. लेखी नियम बदलला तो २०१६ च्या जानेवारीत. आधी पाय धुतले गेले, मग नियम बदलला. तो क्रम योहानाच्या तेराव्या अध्यायाशी जुळतो.

त्या बारांचे काय

बारा जणांपैकी उरलेल्या अकरांनी, आणि यहूदाच्या जागी निवडलेल्या मत्थियाने, कित्ता कसा गिरवला? याचे उत्तर सरळ नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत तक्रार उठते: ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते आहे. बारा जण सगळ्यांना जमवून म्हणतात, आम्ही देवाचे वचन सोडून पंक्तीची सेवा करावी हे ठीक नाही. योहान १३ वाचून लगेच हे वाचले की कान टवकारतात. पंक्तीला वाढणे आपले काम नव्हे? ज्याने 'मी तुमच्यात वाढणाऱ्यासारखा आहे' म्हटले त्याच्याच शिष्यांनी हे म्हणावे?

त्यांच्या बाजूनेही बोलता येते. त्यांनी तक्रार खोडून काढली नाही. सात जणांवर काम सोपवले, आणि त्या सातांची नावे, स्तेफनापासून नीकलावापर्यंत, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिले असे दिसते. सत्ता सोडण्याचा तो एक प्रकार झाला. शिवाय मूळ भाषेत पंक्तीची 'सेवा' आणि वचनाची 'सेवा' यांना एकच शब्द आहे. तरीही मला ते वाक्य टोचते. कामाची वाटणी आणि काम टाळणे यांतली रेघ बाहेरून दिसत नाही. कधी कधी आतूनही दिसत नाही.

पेत्राचे मात्र वेगळे आहे. त्याच रात्री त्याने येशूला तीनदा नाकारले. नंतर, क्रूसावर मरून पुन्हा उठल्यावर, तिबिर्याच्या समुद्राच्या काठी कोळशांच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवून येशू त्यांना हाक मारतो, या, न्याहारी करा. पुन्हा तोच वाढणारा. पण या वेळी पेत्र 'आपण मला वाढता?' असे म्हणत नाही. त्या सकाळी होडीतून पाण्यात उडी टाकण्याआधी पेत्राने झगा कमरेला बांधला, त्यासाठी योहानाने वापरलेले क्रियापद नव्या करारात फक्त आणखी एका प्रसंगी येते: येशूने कमरेला रुमाल बांधला तेव्हा. आणि पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात एकमेकांशी वागताना नम्रता कमरबंदासारखी बांधा असे आहे (५:५). तिथला ग्रीक शब्द दास कामाला लागताना अंगावर बांधत असलेल्या फडक्याची आठवण देणारा आहे. ज्याने पाय मागे घेतले होते त्याच्या नावाच्या पत्रात ते फडके बांधायचे कसे ते येते.

मग एक दिवस पेत्र कैसरीयाला कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो. परजातीयाच्या घरात पाऊल टाकणे यहुद्याला निषिद्ध, हे तो स्वतःच तिथे बोलून दाखवतो. कर्नेल्याने नातेवाईक आणि जवळचे मित्र जमवून ठेवले आहेत. पेत्र येताच हा अधिकारी त्याच्या पायांवर पडतो. मोठा कोण, हा जुना प्रश्न कोणीतरी न मागता पेत्राच्या पायाशी आणून टाकलेला असतो. पेत्र त्याला उठवतो. म्हणतो, ऊठ, मीही माणूसच आहे. आणि त्याच्याशी बोलत बोलत आत जातो.